नाट्यगृहाचे भाडे आणि नाट्याचे रूप

मराठी रंगभूमीच्या इतिहासाची मांडणी आजवर मुख्यत्वे तीन अंगांनी झाली आहे : नाटककाराच्या, नटाच्या आणि नाटकमंडळीच्या. अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचे १९०३ सालचे ‘मराठी रंगभूमि’ हे पुस्तक मंडळ्यांच्या क्रमाने चालते. श्री. ना. बनहट्टी यांनी ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१९५७) साधनांच्या चिकित्सेचा आदर्श घालून दिला. तरी त्याचाही कणा मंडळी आणि नाटक हाच आहे. ज्या वास्तूत प्रयोग झाला, ती कोणाच्या मालकीची होती, तिचे भाडे कोणी ठरविले आणि ते कोणत्या मापाने आकारले, हे प्रश्न या परंपरेत तळटीपेत जातात. चित्रपटाच्या इतिहासाचीही स्थिती निराळी नाही. तेथे दिग्दर्शक आहे, निर्मितीसंस्था आहे, कलावंत आहेत. चित्रपटगृह मात्र पार्श्वभूमीला आहे.

या उणिवेमुळे एक सोयीची उपपत्ती आपल्या टीकेत रूढ झाली आहे. बोलपटाने नाटकास मारले, दूरचित्रवाणीने चित्रपटास, आणि बहुपडदा गृहांनी जुन्या एकपडदा गृहांस, अशी ती थोडक्यात सांगता येईल. प्रत्येक नवी कला वा नवे यंत्र मागच्याला गिळीत जाते, असे तिचे गृहीतकृत्य आहे. ही उपपत्ती अपुरी आहे आणि तिच्यामुळे आजच्या एका निकडीच्या प्रश्नाचे उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधले जात आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मांडावयाचे प्रमेय असे : नाट्यगृहांचे व चित्रपटगृहांचे भाग्य त्यांतील कलेच्या गुणावगुणांपेक्षा घर कोणत्या मापाने विकले जाते यावर अधिक अवलंबून राहिले आहे, आणि ते माप बदलले की कलेचे रूपही बदलते.

१

आरंभ मुंबईपासून करणे इष्ट. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीता स्वयंवर’ केले ते राजाश्रयाने. तेथे घर भाड्याने घेण्याचा प्रश्नच नव्हता. प्रसंग राजाचा, जागा राजाची, प्रेक्षकही निमंत्रित. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन निवर्तले आणि हा आधार सुटला. १८५३ साली भाव्यांनी मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ केले. हे नाट्यगृह १८४६ साली नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले होते, आणि ते मुळात इंग्रजी नाटकांसाठी होते. परंतु किल्ल्यात व त्याच्या आसपास राहणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकाला ते लांब पडले. त्याला पुरेसा प्रेक्षक मिळेना, तेव्हा ते देशी खेळांना खुले झाले. पुढे पारशी, गुजराती व उर्दू नाटकांनी तेथेच मूळ धरले.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. तिकीट काढून पाहावयाच्या मराठी नाटकाचा मुंबईतील पाया ज्या घरात घातला गेला, ते घर दुसऱ्याच कलेचा प्रेक्षक गमावून बसले होते. राजाचा ‘प्रसंग’ हे माप जाऊन त्याच्या जागी ‘रात्र’ हे माप आले. मालकाने रात्र विकली, मंडळीने ती विकत घेतली आणि तिकिटांच्या रूपाने प्रेक्षकांना वाटून दिली.

संगीत नाटकाचे रूप हे या रात्रीच्या मापाचे अपत्य आहे. पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग झाला. तेव्हापासून पुढील अर्धशतकात नाटक लांबत गेले, पदांची संख्या वाढली, एका पदावर ‘वन्स मोअर’ घेत नट रेंगाळू लागला. याचे श्रेय किंवा दोष आपण गायक नटांच्या लोकप्रियतेला देतो. ते खरेच आहे. परंतु ती लोकप्रियता रंगमंचावर इतका वेळ उधळता आली, याचे कारण मंडळीने सबंध रात्र विकत घेतलेली होती हे होय. पहाटेपर्यंत त्या घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता. शिवाय मंडळी गावात मुक्काम करी आणि आठवड्यातून ठरावीक रात्रीच खेळ करी. उरलेल्या रात्री घर रिकामे राहिले, तरी मालकाला ते परवडत होते, कारण त्या घराला दुसरे गिऱ्हाईक नव्हते.

२

ते गिऱ्हाईक चित्रपटाच्या रूपाने आले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. पुण्यात गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली मंडईजवळ आर्यन हे चित्रपटगृह सुरू केले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटाने मराठी वाणी पडद्यावर आणली. पुढच्या काही वर्षांत मोठ्या संगीत मंडळ्या मोडल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

या घटनाक्रमाचा उलगडा करताना टीकाकारांनी प्रेक्षकांच्या रुचीवर भर दिला आहे. प्रेक्षक नाटकाला कंटाळला होता, त्याला नावीन्य हवे होते, तिकीट स्वस्त हवे होते. यांतील शेवटचे कारण वगळता बाकीची सिद्ध करणे कठीण आहे. याउलट, घरमालकाच्या बाजूने पाहिले तर चित्र स्वच्छ दिसते. चित्रपटाने ‘रात्र’ हे माप मोडून ‘खेळ’ हे माप आणले. एकाच दिवसात तीन खेळ, रोजच्या रोज, आठवड्याचे सातही दिवस. रिळांच्या डब्यांना जेवण घालावे लागत नाही, त्यांचे बिऱ्हाड सांभाळावे लागत नाही, त्यांचा आवाज बसत नाही. मालकाने नाटकापेक्षा चित्रपट श्रेष्ठ मानला, असे समजण्याचे कारण नाही. तो हिशेब करीत होता.

पुण्याचे किर्लोस्कर नाट्यगृह पुढे वसंत टॉकीज झाले; विजयानंद आणि भानुविलास हीही मूळची नाटकाची घरे चित्रपटांकडे गेली. प्रत्येक ठिकाणी जुनेच खांब, जुनीच बाल्कनी आणि जुनाच पिट कायम राहिला. समोर मात्र पडदा लागला. म्हणजे प्रेक्षक त्याच घरात, बहुधा त्याच जागी, बसून राहिला आणि त्याच्या पुढ्यातील कला बदलली. नाटकाचा प्रेक्षक नाहीसा झाला, या विधानापेक्षा नाटकाचे घर दुसऱ्याला गेले, हे विधान अधिक अचूक ठरेल. १९४१ नंतर मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनाने आटोपशीर, मोजक्या पात्रांची, घरगुती विषयांची नाटके आणली आणि ‘कुलवधू’ (१९४२) लोकप्रिय झाले. बोलपट ऐन भरात असताना हा प्रेक्षक परत आला. त्याची रुची मेली असती तर हे घडले नसते. रांगणेकरांचा आटोपशीरपणा केवळ पाश्चात्य नाट्यतंत्राच्या अभ्यासाने आला, असे म्हणणे अर्धवट आहे. ज्या रंगभूमीपाशी स्वतःची रात्र उरली नव्हती, तिला पसाऱ्याचे नाटक करणे शक्यही नव्हते.

३

खाजगी मालकीच्या घरांचा हा प्रवास पाहिल्यावर संस्थेच्या घराकडे वळले पाहिजे, कारण तेथे माप वेगळे होते. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालचे. ते ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे. भोवती कापडगिरण्या आणि चाळी. या घरात व्यावसायिक नाटक झाले, तसेच कोकणातून आलेल्या गिरणीकामगारांची नमने, शक्ती-तुऱ्याचे सामने, दशावतार आणि हौशी कामगार नाटकेही झाली. येथे घर विकले जात होते ते वस्तीला. गावच्या मंडळाने भाडे भरावयाचे, गावकऱ्यांनी तिकिटे खपवावयाची, आणि खेळाच्या उत्पन्नातून गावच्या देवळाला वा शाळेला मदत पाठवावयाची, असा हा व्यवहार. प्रेक्षक आणि आयोजक यांच्यातील भिंत येथे पातळ होती. अशा घरात सादर होणारी कला टीकेच्या नेहमीच्या कसोट्यांना उतरत नाही, म्हणून आपण तिची दखल घेतली नाही. पण सामुदायिक नाट्यगृह हा शब्द ज्या घराला यथार्थपणे लावता येईल, असे घर मुंबईत दुसरे क्वचितच सापडेल.

या घराला धक्का बसला तो कोणत्याही प्रतिस्पर्धी कलेने नव्हे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या, कामगार पांगला आणि गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उठले. घराला भाडे देणारी वस्तीच विरळ झाली आणि त्याच वेळी त्याच्या खालच्या जमिनीचे मोल कित्येक पटींनी वाढले. २०२३ च्या नोव्हेंबरात दामोदर पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा नव्या आराखड्यात नाट्यगृहाला किती जागा राहणार, या प्रश्नावर रंगकर्मींनी आक्षेप घेतला. वाद आसनांच्या संख्येचा दिसत होता. वस्तुतः तो मापाचा होता : ‘खेळ’ आणि ‘रात्र’ यांच्या जागी आता ‘चौरस फूट’ हे माप आले होते.

४

स्वातंत्र्योत्तर काळात या अडचणीवर जो उपाय निघाला, तो शासनाच्या व नगरपालिकांच्या नाट्यगृहांचा. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि गावोगाव हौशी संघ उभे राहिले. त्यांना रंगमंच हवा होता. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविली गेली आणि २६ जून १९६८ रोजी ते खुले झाले. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ सालचे. घर लोकांच्या पैशाने बांधलेले, मालक लोकनियुक्त संस्था, भाडे नियंत्रित. १९६० नंतरच्या मराठी व्यावसायिक नाटकाची जी भरभराट झाली, तिचा पाया या घरांनी घातला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण याही घराचे एक माप होते, आणि ते म्हणजे ‘सत्र’. सकाळ, दुपार, रात्र अशी दिवसाची वाटणी झाली. काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटून देण्याची पद्धत पडली. निर्मात्याचे मुख्य भांडवल पैसा नव्हे तर ‘तारीख’ हे झाले. आता या मापाचे नाटकाच्या रूपावर काय परिणाम झाले ते पाहू. तीन अंक जाऊन दोन अंक आले, एक मध्यंतर राहिले. सकाळचा खेळ संपताच नेपथ्य उतरवून दुपारच्या मंडळीला रंगमंच मोकळा करून द्यावयाचा असल्यामुळे दिवाणखान्याचे सुटसुटीत नेपथ्य सर्वत्र रुळले. तेच गाडीच्या टपावर बसवून पुण्याहून ठाण्यास नेता येई. मध्यमवर्गीय दिवाणखाना मराठी नाटकात इतका ठाण मांडून का बसला, याची चर्चा आपण नाटककारांच्या सामाजिक थराच्या अंगाने केली आहे. ती बरोबरच आहे. परंतु दोन सत्रांमधला अपुरा वेळ हेही त्याचे एक कारण आहे, आणि ते कोणत्याही समीक्षाग्रंथात दिसत नाही.

या तर्काचा ताळा उलट बाजूने पाहता येतो. आविष्कार ही संस्था १९७१ साली निघाली आणि १९७४ पासून तिने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. तेथे धड रंगमंच नव्हता, नेपथ्य टांगण्याची सोय नव्हती, प्रेक्षक नटाच्या हाताच्या अंतरावर बसत. परंतु ते घर बाजारभावाने विकले जात नव्हते. नाटक पडले तरी संस्था बुडत नव्हती. प्रायोगिक रंगभूमीचा ‘छबिलदास काल’ असा उल्लेख आपण सहज करतो. एका शाळेच्या सभागृहाचे नाव एका नाट्यप्रवाहाला मिळावे, हे नाट्यगृहाच्या प्रभावाचे आपल्या भाषेतील सर्वांत स्पष्ट प्रमाण आहे. पण तो प्रवाह ओसरला तेव्हा आपण त्याची कारणे नाटककारांच्या थकव्यात शोधली. शाळेच्या सभागृहाचा आसरा संपला होता, याची नोंद आठवणींच्या लेखांत राहिली, समीक्षेत आली नाही.

५

चित्रपटगृहांची कथा याच न्यायाने तपासता येते. पुण्याचे प्रभात हे चित्रपटगृह १९३४ साली सुरू झाले. प्रभात कंपनी १९५३ साली बंद पडली, तरी गृह त्याच नावाने मराठी चित्रपटांचे हक्काचे घर म्हणून चालत राहिले. ‘माहेरची साडी’ (१९९१) सारखा चित्रपट तेथे दीर्घकाळ मुक्काम ठोकून राहू शकला, कारण घर एका चित्रपटाला बांधून देण्याची रीत अद्याप शिल्लक होती. पहिल्या आठवड्यात प्रेक्षक कमी आला, तरी गावोगावहून येणाऱ्या बायकांच्या घोळक्यांना चित्रपटाची वार्ता पोचेपर्यंत थांबण्याची सवड त्या घरात होती. २०१४ च्या अखेरीस भाडेकरार संपून वास्तू मूळ मालकांकडे परत गेली आणि तिला किबे लक्ष्मी हे नाव मिळाले. आर्यनच्या जागी तर आता वाहनतळ आहे. त्याचे नावही आर्यन; तेथे जागा तासाच्या हिशेबाने मिळते.

बहुपडदा गृहांचा उदय हा प्रेक्षकांच्या बदललेल्या आवडीचा परिणाम, असे सांगितले जाते. आवड बदलली हे नाकारण्याचे कारण नाही. पण नव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र शासनाने या गृहांना करमणूक करात पहिली तीन वर्षे पूर्ण सूट दिली आणि पुढची दोन वर्षे केवळ २५ टक्के कर आकारला, हेही विसरता येत नाही. त्याच काळात शेजारचे जुने गृह पूर्ण कर भरीत होते. बहुपडदा गृह हे बाजारसंकुलाचा एक मजला असते. त्यात चित्रपट हा एकूण व्यवहाराचा एक भाग. कोणत्या चित्रपटाला कोणती वेळ द्यावयाची, हे तेथे आठवड्यागणिक, कधी दिवसागणिक ठरते. मराठी चित्रपटाला सकाळची किंवा भलतीच वेळ मिळते, ही तक्रार त्यातूनच जन्मली, आणि २०१५ साली मराठी चित्रपटांना मुख्य वेळेत स्थान देण्याचे बंधन शासनाने घातले तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात भाषाभिमान आणि व्यापारस्वातंत्र्य या दोन बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. त्याच शासनाने आधी करसवलत देऊन त्या घरांचे माप ठरविण्यास हातभार लावला होता, हा मुद्दा मात्र फारसा पुढे आला नाही.

येथे आणखी एका हानीचा उल्लेख केला पाहिजे. जुन्या घरात पिटातला आणि बाल्कनीतला प्रेक्षक वेगवेगळे पैसे मोजून एकाच छपराखाली एकच खेळ पाहत. त्यांच्यात समता होती, असे कोणी म्हणणार नाही. पण पिटातून आलेली शिट्टी बाल्कनीत ऐकू जात होती, आणि नटाला व निर्मात्याला दोघांचाही विचार करावा लागत होता. नव्या गृहात पिटच नाही. लोकप्रिय चित्रपटाच्या भाषेत गेल्या दोन दशकांत जो बदल झाला, त्याचा अभ्यास करणाऱ्याने या नाहीशा झालेल्या जागेपासून आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते.

६

आतापर्यंतचे विवेचन शहरांचे झाले. या प्रमेयाची खरी परीक्षा होते ती जेथे घरच नाही तेथे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र वडसा येथे आहे. दिवाळीनंतर सुगी आटोपली की तिचा हंगाम सुरू होतो. बैलांच्या शर्यतींचा, म्हणजे शंकरपटाचा, दिवस आणि त्या रात्री नाटक, अशी तेथील जुनी सांगड. गावातील मंडळ कंपनीशी करार करते, शेतात मंडप स्वतः उभारते, तिकिटे स्वतः विकते. या रंगभूमीला ना बोलपटाने मारले, ना दूरचित्रवाणीने. २०१४ साली न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या, तरीही नाटक थांबले नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी वाचकाला हे नाव नवे होते.

आणि तेथील नाटकाचे रूप कोणते? रात्रभर चालणारे, गाण्यांनी भरलेले, एकाच खेळात रडविणारे आणि हसविणारे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवळांच्या जत्रांतून होणारा दशावतारही रात्र सरेपर्यंत चालतो. आपण या रूपाला ‘जुने’ म्हणतो. ते जुने राहिले याचे कारण ग्रामीण प्रेक्षकाची रुची मागासलेली आहे हे नव्हे. तेथे अद्याप ‘रात्र’ हेच माप चालू आहे. उद्या वडशाला तीन सत्रांचे वातानुकूलित नाट्यगृह बांधले, तर झाडीपट्टीचे नाटक दोन अंकांत येण्यास फार वर्षे लागणार नाहीत. त्याला सुधारणा म्हणावे की हानी, हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्याचे श्रेय वा दोष तेव्हा नाटककाराच्या माथी मारू नये.

७

या सर्व चर्चेचे निकडीचे प्रयोजन आता सांगितले पाहिजे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर या नावाने बांधलेले हे घर १९१५ साली खुले झाले; शेजारी खासबागेचे कुस्तीचे मैदान, म्हणजे एकाच आवारात मल्ल आणि नट. पुढे ते नगरपालिकेकडे आले आणि १९५७ साली त्याला केशवरावांचे नाव मिळाले. आगीनंतर शासनाने पुनर्बांधणीची घोषणा केली, आणि वास्तू होती तशीच उभी राहावी, अशी मागणी कोल्हापूरकरांनी केली. ही मागणी रास्त आहे. गोव्यात कला अकादमीचे नूतनीकरण चालू असता जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचा भाग कोसळला. पुण्यात बालगंधर्व पाडून नवे बांधण्याचा विषय वारंवार निघाला. अशा वेळी दगड आणि लाकूड यांविषयी दक्ष राहिलेच पाहिजे.

परंतु ‘होते तसे’ म्हणजे काय? शाहू महाराजांच्या काळी ते घर राजाच्या मर्जीने मिळत होते, नंतर सत्राने मिळू लागले. पुनर्बांधणीनंतर ते कोणत्या मापाने मिळणार? भाडे कोल्हापूरच्या हौशी संघाला झेपेल असे राहणार, की शाळांची संमेलने आणि सत्कारसमारंभ यांनाच ते परवडणार? वर्षातील काही दिवस तालमीसाठी, काही नव्या संहितांच्या प्रयोगांसाठी राखले जाणार काय? मूळ नक्षीबरहुकूम कमानी उभ्या राहिल्या आणि तारखांची वही मात्र नव्या दराने उघडली, तर वास्तू जुनी आणि घर नवे, अशी स्थिती होईल. वास्तुरचनेच्या आराखड्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी भाड्याच्या नियमावलीवर होणे आवश्यक आहे, आणि तिच्यात नाट्यसमीक्षकाने भाग घेणे हे त्याच्या अभ्यासाबाहेरचे काम नाही.

आमच्या विभागातील अभ्यासकांना यातून एक कार्यक्षेत्र सुचविता येईल. नाट्यगृहांच्या आरक्षणवह्या, भाडेपत्रे, आसनांचे नकाशे, तिकिटांची अर्धुके, हस्तपत्रके ही साधने अद्याप काही ठिकाणी व्यवस्थापकांच्या कपाटांत आहेत. एकेका घराच्या पतनाबरोबर ती रद्दीत जात आहेत. कोल्हापुरात तर काय जळाले याची यादीही करता येणार नाही. पुढील उन्हाळी सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका घराचा, मग ते चालू असो, बंद असो वा त्याचे गोदाम झालेले असो, पन्नास वर्षांचा तारीखवार आलेख तयार केला, तर वर मांडलेले प्रमेय सिद्ध होईल किंवा खोडले जाईल. कोणतेही घडले तरी मराठी रंगभूमीच्या इतिहासाला आज नसलेले एक प्रकरण मिळेल.